पांढऱ्या डोळ्यांच्या लेकी

माश्यांची बाटली उघडण्याआधी काका ती तळहातावर दोनदा आपटायचे आणि म्हणायचे, “बसा बाप्पा, बसा.” आपटल्यावर माश्या तळाला जातात आणि बूच काढलं तरी लगेच उडत नाहीत, एवढंच त्यातलं शास्त्र. पण ते इतक्या अदबीनं म्हणायचे, की जणू पंगतीला आलेल्यांना पाटावर बसवत आहेत.

आमच्या वाशीमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. सगळेच त्यांना काका म्हणत. त्यांचं खरं नाव मला तिसऱ्या वर्षी कळलं, आणि कळूनही काही उपयोग झाला नाही. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि वरच्या खिशात पेनाऐवजी कापसाचा बोळा. बाटलीला बूच करायला कापूस कधीही लागतो, पेन कोणाचंही मिळतं, असं त्यांचं म्हणणं.

पिकलेल्या केळ्यावर बसणारी चिलटं तुमच्याही स्वयंपाकघरात असतील. आपण हातानं वारतो आणि विसरून जातो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला जेनेटिक्स घेतलं की त्याच चिलटांपुढे मान खाली घालून बसावं लागतं. कोणाचे डोळे लाल, कोणाचे पांढरे, नर किती, माद्या किती, हे भिंगाखाली मोजायचं आणि आईबापाचे गुण लेकरांत कसे उतरतात ते वहीत मांडायचं. या माश्या बारा महिने जिवंत ठेवणं हे काकांचं काम. खरं तर कोणी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. त्यांनीच ते अंगावर घेतलं होतं आणि आता ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

माश्यांचं खाणं ते स्वतः शिजवायचे. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट. बर्नरवर पातेलं चढलं की वास जिन्यावरून खाली ऑफिसपर्यंत जायचा. नव्यानं लागलेले एक क्लार्क एकदा वासामागे वर आले आणि शिरा समजून चमचाभर खाऊनही गेले. काकांनी त्यांना अडवलं नाही. खाऊन झाल्यावर फक्त म्हणाले, “साहेब, माश्याईच्या वाट्याचं हाये. पण खा, त्याईले पुरते.” ते क्लार्क पुढे महिनाभर आमच्या मजल्यावर फिरकले नाहीत.

उन्हाळ्यात वाशीमला माणसं तगतात हेच खूप, तिथे या माश्या कुठून तगणार? जरा तापलं की त्यांची अंडी निघत नाहीत. म्हणून मे महिन्यात काका सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घरी न्यायचे आणि कुलरसमोर मांडायचे. आम्ही दोघीतिघी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. काकूंनी पाणी दिलं आणि बाटल्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “लोकं माश्या हाकलून राह्यले, अन् आमच्या घरी माश्याईले कुलर. माणूस घामानं निथळला तरी चालते.” काका हसले आणि बाटल्यांवरचं ओलं फडकं सारखं करू लागले. काकूंची खाट भिंतीकडे होती, जिथे वारा पोचत नव्हता.

जेनेटिक्सचे आमचे सर हुशार आणि मनानं सरळ होते, पण लाजाळू. संकर करायचा तर मादी नराला भेटलेली नसावी लागते. हे वाक्य आलं की सर इंग्रजीत, खाली पाहून, घाईघाईनं उरकायचे. मागच्या बाकावर पोट्टे खुसखुसायचे, आम्ही मुली वहीत डोकं घालायचो आणि मुद्दा कोणालाच कळायचा नाही. मग प्रॅक्टिकलला काका साध्या आवाजात सांगायचे, “एकदा नराची भेट झाली का त्याचं बी मादीच्या पोटात राह्यते. मंग तुमी कोनालेबी आना, लेकरं पयल्याचीबी निघतेत. म्हून जल्मल्यापासून आठ तासाच्या आत तिले बाजूले काढाची.” कोणी हसायचं नाही. पेरणीबद्दल बोलावं तसं ते बोलायचे.

ते आठ तास पाळायचे म्हणून ते सकाळी सहाला येऊन प्रयोगशाळा उघडत. बाटलीतल्या सगळ्या मोठ्या माश्या काढून टाकत आणि बाटलीवर वेळ लिहीत. म्हणजे त्यानंतर जन्मलेल्या माद्या दुपारी दोनच्या आत काढल्या की काम चोख.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे “आलं ते लिवा.” मक्याच्या दाण्यांचं पहिलं प्रॅक्टिकल झालं, तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाच्या वहीत पुस्तकातलं तीनास एक हे प्रमाण अगदी बिनचूक आलं होतं. सरांनी सह्याही केल्या. काका वह्या गोळा करताना थांबले. “निसर्ग तुमच्या गाईडातून पाहून लिवते काय? आलं ते लिवा ना. पायजे ते लिवाचं असन तर माश्या कायले पोसाच्या?” आम्हाला वाटलं, परिचराला काय कळतं त्यातलं. खरंच सांगते, तेव्हा असंच वाटलं होतं.

आता माझं सांगते.

मी केनवडहून एसटीनं यायची. हिवाळ्यातल्या त्या दिवशी माझा पास संपला होता. पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या दोनच्या आत काढून त्यांच्यात लाल डोळ्यांचे नर सोडायचे, असा त्या दिवशीचा प्रयोग होता. मी एक वाजता बसस्टँडवर गेले, म्हटलं पंधरा मिनिटांत पास काढून येते. रांगेत माझ्यापुढे अर्धा जिल्हा उभा होता, आणि खिडकीतले भाऊ मधेच जेवायला उठले. मी कॉलेजात परतले तेव्हा सव्वाचार वाजले होते. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी पटापट माद्या काढल्या, काकांनी माझ्या नावानं ठेवलेले नर त्यांच्यात सोडले, आणि बाटलीच्या चिठ्ठीवर वेळ लिहिली, दीड.

तेवढ्यात काका आले. “झालं काय वं पोरी? येळेत काढल्या ना?”

“हो काका, दीड वाजताच काढल्या. आता फक्त झाकण नीट करून राह्यली.”

ते बरं म्हणाले आणि खिडक्या लावू लागले.

या प्रयोगाचं उत्तर अगदी सोपं असतं. आई पांढऱ्या डोळ्यांची, बाप लाल डोळ्यांचा, तर सगळ्या लेकी लाल डोळ्यांच्या आणि सगळे लेक पांढऱ्या डोळ्यांचे. यात मध्यम मार्ग नाही. बाराव्या दिवशी माझ्या बाटलीतल्या माश्या ईथर देऊन निजवल्या आणि फरशीच्या पांढऱ्या तुकड्यावर पसरल्या, तर त्यात पांढऱ्या डोळ्यांच्या लेकी. एक नाही, दोन नाही, चांगल्या नऊ. मी त्यांना हळूच बाजूला सारणार, इतक्यात सर मागे येऊन उभे राहिले.

सरांनी भिंगातून पाहिलं, माझी चिठ्ठी वाचली, दीडची वेळ पाहिली आणि काकांना बोलावलं. “काका, नर देताना गडबड झाली वाटतं. लाल डोळ्यांच्या नरांत पांढऱ्या डोळ्यांचे गेलेत.”

काका भिंगावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, “झालं असंन, सर.”

“असू द्या. पुढच्या वर्षीपासून हे प्रॅक्टिकल माश्यांशिवाय, चार्टवरच घेऊ. बाकी कॉलेजं तेच करतात. तुमचीही सकाळची धावपळ वाचेल.”

सर हे चांगल्या मनानं बोलले. काकांनी मान हलवली आणि पातेलं धुवायला नळाकडे गेले. मी तिथेच बसले होते.

घरी आईला म्हटलं डोकं दुखतं. डोकं बिकं काही नव्हतं, लाज वाटत होती. माझी समजूत अशी, की काकांना सगळं माहीत आहे आणि माझे मार्क जाऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. त्यामुळे तर जास्तच लाज. दुसऱ्या दिवशी गेले तर ओट्यावर रिकाम्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. त्या दिवशी माश्यांचं खाणं शिजवायचा वार होता आणि बर्नर थंड होता. काका स्टुलावर बसून जुन्या चार्टांवरची धूळ पुसत होते. पुढच्या प्रॅक्टिकलपर्यंत दोन दिवस मी काढले. कसे काढले ते विचारू नका.

प्रॅक्टिकलला हजेरी झाली आणि मी उभी राहिले. “सर, माझ्या माद्या दीड वाजता नाही काढल्या. सव्वाचारला काढल्या. पासच्या रांगेत होते. चिठ्ठीवर मी खोटं लिहिलं.”

सर फळ्याकडे वळले. मग खडू उचलून म्हणाले, “म्हणजे या बाटलीत दोन बाप आहेत. एक बाटलीतलाच पांढऱ्या डोळ्यांचा, तो काढण्याआधीच भेटला. दुसरा आपण सोडलेला लाल. चला, मांडू फळ्यावर.” त्या दिवशी सर पहिल्यांदा न अडखळता, मराठीत, खाली न पाहता शिकवत होते. मला प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावलं, तेवढीच शिक्षा. चार्टचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतला.

तास सुटल्यावर मी काकांकडे गेले. माफी मागायची तयारी करून गेले होते, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. “तू दीड म्हणली होती, म्हून म्या समजलो का माह्या हातूनच झालं.”

“म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?”

“कसं मालूम राहीन? तू सांगतलं ते म्या धरलं.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, “खरं सांगू का, पोरी? मागच्या सालापासून मले डोये दिसूनच नाही राह्यले माश्याईचे. लाल का पांढरे, सगळे मातकटच दिसतेत. बाटल्या अलग ठेवतो, नावं लिवून, म्हून चालून राह्यलं. पण एखांदा इकडचा तिकडं गेला, त मले कळनार नाही. त्या दिवशी भिंगात पायलं, तवा म्हटलं, गेला असंन एखांदा.”

माझ्या एका दीडमुळे या माणसानं दोन दिवस स्वतःला आंधळा धरून काढले होते. आणि ते चिडलेही नव्हते. उलट चेहरा मोकळा दिसत होता.

“कोणाला सांगू नका काका,” मी म्हटलं. “आम्ही पाहून देऊ तुम्हाला. तुमच्या माश्या नाही जाणार.”

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. चष्मा लावला आणि तडक सरांच्या खोलीकडे निघाले. मी मागे मागे. दारातूनच ते म्हणाले, “सर, ह्या टायमाले चूक त्या पोरीची होती. पुढच्या टायमाले माही राहीन. मले दिसून नाही राह्यलं. आता तुमी चार्ट लावा, का काय करा.”

सरांनी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांनी तपासलं तर मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसानं स्वतःचे डोळे कधी दाखवलेच नव्हते. काकूंनी डॉक्टरसमोर त्यांची चांगली हजेरी घेतली म्हणे.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा माश्या आमच्या हवाली करून गेले. सूचना अर्धा तास चालल्या. वर्गातल्या आम्ही चौघांनी पाळ्या लावल्या. सकाळी सहाला येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. एकदा गूळ करपला, एकदा बूच सैल राहून अर्धी बाटली उडून गेली, पण माश्या जगवल्या. काकांचा दिवसाआड फोन. माणसांची खुशाली एका वाक्यात आणि बाकी सगळं माश्यांचं.

काका आता रिटायर होऊन शेलूबाजारला लेकाकडे राहतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि त्यांची आठवण निघाली की मला ते काळा चष्मा लावून परत आले तो दिवस दिसतो. डॉक्टरांनी महिनाभर भिंगाला हात लावू नका म्हटलं होतं. महिना भरला त्याच दिवशी ते स्टुलावर येऊन बसले. काळा चष्मा खिशात ठेवला. मी लाल डोळ्यांच्या बाटलीतल्या माश्या निजवून त्यांच्यापुढे पसरल्या. ते वाकले.

भिंग दोनदा मागेपुढे केलं. मग म्हणाले, “इतक्या लाल असतेत काय वं ह्या?”

आम्हाला हसू आलं. ते हसले नाहीत. ब्रशच्या टोकानं एकेक माशी उलटीसुलटी करून पाहत होते. मधेच एक बाजूला काढली. “अन् हा पांढऱ्या डोयाचा पावना यात कुठून आला? कोनाची पाळी होती?”

“माझी, काका,” मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली, पण ऐकलं की नाही कोण जाणे. ईथरचा अंमल उतरत आला होता. एक माशी पाय झाडून उठली, मग दुसरी, मग एकेक करत त्यांच्या कपाळाजवळून उडून खिडकीकडे जायला लागल्या. ज्यांच्या हातून कधी माशी सुटली नव्हती, ते काका तसेच वाकून राहिले होते, आणि उरलेल्या माश्या मोजत नव्हते, नुसत्या पाहत होते. माश्या परत भरायची बाटली माझ्या हातात होती. मी ती टेबलावर ठेवून दिली.