भायदे सरांचा वर्ग

श्रीवर्धनच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे भायदे सर एसटीची सबब कध्धीच ऐकून घेत नसत. "पाच मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर! बस काय माझ्या घरची हाय?" आज म्हसळ्याहून येणारी तीच बस घाटात बंद पडली आणि जवळजवळ अख्ख्या वर्गासोबत सरही आत अडकले.

"सर, आजची हजेरी बुडाली तर मला परीक्षेलाच बसता येणार नाही," जुनेरा रडवेली झाली.

सरांनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला. "मी जिथं, वर्ग तिथं!" म्हणत त्यांनी बसमध्येच हजेरी घेतली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "सर, मी तन्वेश. वर्गात एकटाच बसलोय. कुठं हायत तुम्ही?"

"वर्गात," सर म्हणाले. "तू गैरहजर!"