नाक धरून मारलेली थोबाडीत

सुनंदा गेली हे मला पिठाच्या गिरणीत कळलं. डबा तिथंच टाकून आले. सव्वा महिना झाला, राग अजून उतरलेला नाही. पन्नाशीही न गाठता जायचं काय कारण होतं?

मंगळवार पेठेत आमची दारं समोरासमोर. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवायची आणि मुलांना गणिताची भीती का वाटते यावर प्रबंध लिहायची. सात वर्षं लिहीत होती. शाळेतले मास्तर हसायचे. "भीती कसली बाई, दोन छड्या द्या, पळतीय बघा!" शोकसभेत हेच मास्तर तिची थोरवी सांगायला लागले, तेव्हा मी मधूनच उठून आले.

प्रबंधासाठी ती शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना भेटायची. एकदा वही घेऊन माझ्याकडंही आली.

"आक्का, चौथीतनं शाळा का सोडलीसा?"

"धाकट्या भावंडांना कोण बघणार? आईनं काढलं."

मेथी निवडत मी धडधडीत खोटं बोलले. आमच्या गावात तिसरी-चौथी एकाच खोलीत बसायची. ज्याला पाढा येईल त्यानं न येणाऱ्याचं नाक धरून थोबाडीत मारायची, ही गुरुजींची पद्धत. हळू मारलं तर मारणाऱ्यालाच छडी. सतराच्या पाढ्याला मी अडकले आणि माझ्या धाकट्या बहिणीनं माझं नाक धरलं. तीही रडत होती, पण तिनं मारलं जोरात. सगळी खोली हसली. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. आईनं मारलं, उपाशी ठेवलं, तरी गेले नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं... नवऱ्यालासुद्धा.

सुनंदानं वही मिटली. म्हणाली, "आमच्या वर्गात नाक धरून मारायची रीत हुती. माझा कायम पहिला नंबर, म्हणून मीच मारायची. कमल म्हणून एक पोरगी हुती. तिनं शाळाच सोडली. हे सगळं लिहितोय ते तिच्यापायी."

माझं डोकंच फिरलं. "मग कागद कशाला काळं करतीस? जा की, तिचं पाय धर!"

"गेलतो, आक्का. शिरोळला दिलीय तिला. वळखलं, आन् दार लावून घेतलं."

"बरं केलं!"

त्यावर मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. तिला वाटलं असेल, म्हातारीला कमलची कणव आली. माझा राग कुठला होता ते मी सांगायला हवं होतं. नंतर बोलणं सुरू झालं, भाजीची वाटी इकडून तिकडं जाऊ लागली, पण हे तेवढं राहिलं. प्रबंध पुरा झाला आणि चार महिन्यांत ती शाळेतच फळ्यापुढं कोसळली.

परवा तिच्या नवऱ्यानं तिची प्रत मला वाचायला दिली. तिच्याच टेबलाशी बसून, बोट ठेवत वाचली. माझं नाव नाही, पण माझं खोटं जसंच्या तसं छापलंय. शेजारी तिनं पेन्सिलीनं बारीक लिहिलंय, "आक्कांचं नाक कुणी धरलं असेल? विचारायचं नाही."

का नाही विचारायचं? सात वर्षं दारोदार हिंडून सगळ्यांना विचारलंस. मलाच तेवढं सोडलंस?

टेबलावर तिचं पेन होतं. तिच्या ओळीखाली शाईनं लिहिलं, "धाकट्या बहिणीनं." आणि प्रत मिटली.