रिकामी लिफ्ट वर पळते

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस हो तो, भित्रा मुळीच नव्हता. पण त्या सकाळी त्याच्या लेकीनं चहा पिता पिता त्याच्या तोंडचं पाणी पळवलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि नवा धडा आधी बापावर आजमावून बघायची.

"बाबा, सगळं विश्व पसरतंय. गुरुत्वाकर्षण सगळ्याला एकमेकांकडे ओढतं, म्हणजे पसरण्याचा वेग कमी व्हायला हवा ना? पण तो वाढतोय!"

"वाढतोय? ढकलतंय कोण?"

"तेच तर कळत नाही. नाव तेवढं दिलंय, बाकी ठणठणाट."

"मग थांबणार कधी?"

"थांबेल असं दिसत नाही."

दुसरा कोणी "असेल बुवा" म्हणून मोकळा झाला असता. याला मात्र लिफ्टच आठवली. लोकांना वाटतं, ब्रेक सुटला की लिफ्ट खाली कोसळते. कसली कोसळते! रिकामी लिफ्ट वर पळते. दोराच्या दुसऱ्या टोकाला तिच्याहून जड लोखंडी वजन असतं. ते खाली येतं, लिफ्ट वर जाते, क्षणाक्षणाला जास्त वेगानं. त्यानं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. बाप रे, म्हणजे आपण सगळे तसेच निघालोय, आणि ब्रेकच नाही?

हे भूत डोक्यात घेऊनच तो कामावर गेला. जोडीला धाकटा भाऊ होता. दोघांचा एक नेम होता: लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्यानं ब्रेक उघडायचा दांडा स्वतःबरोबर न्यायचा. वर यंत्राच्या खोलीतल्या खुंटीवर दांडा नसला, म्हणजे खाली माणूस आहे. वीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता.

दहाव्या मजल्यावरच्या यंत्राच्या खोलीत तो आला, तर खुंटी रिकामी. "कुठे टाकला मेला दांडा!" असं पुटपुटत त्यानं पिशवीतून जुना दांडा काढला आणि तपासणीसाठी तो दाबून ब्रेक उघडा धरला. मन अजून आकाशातच होतं.

दोराचं चाक फिरू लागलं. पहिल्या मजल्यावरची रिकामी लिफ्ट वर निघाली. चाकाचा वेग वाढला, आणखी वाढला. तो नुसता बघत राहिला. हेच ते, हेच! आणि मग त्याची नजर रिकाम्या खुंटीवर गेली.

धाकटा खाली आहे.

त्यानं दांडा सोडला. ब्रेकनं किंचाळत चाक धरलं, चाक घसरलं, थांबलं. त्यानं खाली हाक मारली. दहा मजल्यांचा जिना तो कसा उतरला, त्याचं त्यालाच ठाऊक. "देवा, माझं काहीही कर, पण त्याला वाचव," एवढंच तो बडबडत होता.

धाकटा खड्ड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. लोखंडी वजन त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर लटकत होतं. यानं त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं आणि घट्ट मिठी मारली.

"ब्रेक गेला ना रे दादा?" धाकट्याला कसाबसा आवाज फुटला. "नशीब, वर तू होतास. दुसरा कोणी असता तर माझा चेंदामेंदा झाला असता."

"अरे, मी..."

"असू दे रे," म्हणत धाकटाच त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला. "धरलास ना वेळेवर."