प्रस्थानाची सुपारी

मल्लेश्वरममध्ये रघुनंदनअण्णांनी मोटार शिकवली नाही असं घर शोधून सापडायचं नाही. दोन पिढ्यांना त्यांनी क्लच सोडायला शिकवलं. त्यांचे शिष्य लडाखला गेले, अमेरिकेला गेले. अण्णा स्वतः मात्र शहराच्या वेशीवरच्या हेब्बाळच्या पलीकडे कधी गेले नाहीत. प्रत्येक प्रवासाला काहीतरी आडवं यायचं: कधी अमावस्या, कधी दिशाशूल, कधी उंबऱ्यात कुणाची तरी शिंक. मुळात माणूस भित्रा, आणि भित्र्याला पंचांगासारखा सोबती नाही.

त्यांच्या बायकोनं, श्रीविद्येनं, लग्नानंतर एकच गोष्ट मागितली होती. "अहो, जिथं चहाला कुणी येणार नाही अशा जागी मला एकदा न्या."

एकत्र कुटुंब, शेजारी दीर, समोर देऊळ. तिच्या शेगडीवरून चहाचं आधण कधी उतरलंच नाही. अण्णा "सरी, नेतो" म्हणाले होते. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. शेवटी मारतहळ्ळीला राहणाऱ्या लेकीनं, स्मृतीनं, एक मोटारघर भाड्यानं ठरवून दिलं. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. जायचं थेट उत्तरेला, हिमालयाच्या पलीकडच्या उजाड पठारावर.

"या खेपेला तुझ्या अप्पांनी रद्द केलं तर मी एकटी जाणार," श्रीविद्येनं लेकीला सांगितलं, "आणि परत येईन असं धरू नकोस."

हे अण्णांनी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. ती उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती. ते तडक चुलत्यांकडे, भीमाचार्यांकडे, मुहूर्त विचारायला गेले.

मुहूर्त निघाला सोमवारचा. गाडी येणार मंगळवारी. मंगळवार-बुधवार उत्तरेला जाणं वर्ज्य. "मग प्रस्थान ठेव," भीमाचार्य म्हणाले. मुहूर्तावर आपल्याला निघता आलं नाही, तर फडक्यात सुपारी आणि चार तांदूळ बांधायचे आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी ठेवून यायचं. सुपारी निघाली म्हणजे आपण निघालो. फक्त तिची मुदत संपायच्या आत खरोखर निघायचं.

मत्तिकेरेला चुलतबहीण नयनाच्या देव्हाऱ्यात सुपारी बसली. गाडी आली. पण गुरुवारी अण्णांचा डोळा फडफडला, शुक्रवारी अमावस्या लागली, आणि मुदत संपत आली. "पुढच्या वर्षी बघू," अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद इतका स्वच्छ होता की श्रीविद्येला त्यांचा राग येण्याऐवजी कीव आली.

"सुपारी आणखी उत्तरेला नेऊन ठेवली तर?" तिनं भीमाचार्यांना विचारलं. "यलहंक्याला आमचे भाऊजी आहेत. मुदत नव्यानं सुरू होईल ना?"

भीमाचार्यांनी पंचांग उलटंपालटं करून पाहिलं. "स्वल्प चमत्कारिक आहे खरं. पण सुपारी पोचवायला जाणं म्हणजे प्रवास नव्हे. निषेध कुठं दिसत नाही."

अण्णांनी मोटारघर काढलं. हेब्बाळ ओलांडताना ते स्वतःला समजावत राहिले, आपण कुठं जातोय? सुपारी पोचवायला. यलहंक्याहून ती रायचूरला गेली, रायचूरहून हैदराबादला, तिथून नागपूरला. आपल्या लोकांची सोयरीक म्हणजे शेवग्याचं झाड, जिकडे बघावं तिकडे शेंग. "आम्ही अजून निघालो नाही हं," अण्णा प्रत्येक दारात सांगायचे. घरची मंडळी गाडीतला संडास बघायला रांग लावायची आणि मग आतच बैठक मारून म्हणायची, "वहिनी, तुमच्या शेगडीवरचा चहा होऊ दे!" ग्वाल्हेरला अकरा जण चढले. तेव्हा श्रीविद्या पातेलं विसळता विसळता रडली. भारत ओलांडूनसुद्धा ती मल्लेश्वरममध्येच होती.

मनालीला नयनाच्या नणंदेचा एक जुना भाडेकरू निघाला. त्याला अण्णांनी यापूर्वी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या देव्हाऱ्यातही सुपारी एक रात्र राहिली. मग घाट चढून गाडी पलीकडे गेली आणि नातेवाईक संपले.

तपकिरी डोंगर, वर बर्फ, खाली दगड. झाड नाही, घर नाही, कुत्रं नाही. अण्णांनी गाडी थांबवली. सुपारी कुठं ठेवणार? मुदत संध्याकाळी संपत होती. भीमाचार्यांना फोन लावला, तर रेंज नाही.

"फिरू या मागं," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मनालीत ठेवू, पुढचं मग पाहू. असं उघड्यावर निघून कसं चालेल? मला भीती वाटते गं."

चाळीस वर्षांत हे शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारले होते. श्रीविद्येनं फडक्याची गाठ सोडली, तांदूळ वाऱ्यावर टाकले आणि स्वेटरच्या खिशातून अडकित्ता काढला.

"अगं, ते प्रस्थान आहे!"

"होतं," ती म्हणाली, आणि सुपारी कातरली. अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली, अर्धी त्यांच्या तळहातावर ठेवली.

अण्णांनी एकदा मागच्या रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सुपारी तोंडात टाकली. गावोगावच्या देव्हाऱ्यांतला उदबत्तीचा वास तिला लागला होता. बराच वेळ ते ती नुसती घोळवत राहिले, आणि मग चावली.

"म्हणजे आता निघालो म्हणायचं?"

"आत्ता निघालो."

अण्णांनी पहिला गिअर टाकला. पुढच्या वळणावर नदीकाठी तिनं गाडी थांबवायला सांगितली, शेगडी पेटवली आणि लग्नानंतर पहिल्यांदा दोनच कप चहा केला. अंधार पडेपर्यंत दोघं दाराच्या पायरीवर बसून होती. कुणी आलं नाही.