अव्वाच्या वाट्याची लस

प्रयोगशाळेत माझा दिवस अंड्यांपासून सुरू व्हायचा. अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं. आत तांबड्या शिरा आणि पिलाची हालचाल दिसली की ते जिवंत. मग कवचाला बारीक भोक पाडून त्यात फ्लूचा विषाणू सोडायचा. तो आत वाढला की अंड्यातलं पाणी काढायचं, विषाणू मारायचा आणि त्याची लस करायची. अंड्याचं नावसुद्धा न काढणाऱ्या लिंगायत घरातला मी हे काम करत होतो, आणि ते मला मनापासून आवडत होतं.

आमचं घर अणदूरजवळच्या खेड्यात. तेव्हा राज्य निजामाचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, एकटक बघत पूजा करायची. अंडं तपासताना मीही ते डाव्याच हातात धरायचो. पुढं त्याची सवय झाली. त्या सवयीची लाज मात्र अजून वाटते.

अव्वाला जुना दमा. सोलापूरच्या गिरण्यांत फ्लूची साथ सुरू झाल्याचं कळलं आणि मी लगेच रजा मागितली. आम्हा काम करणाऱ्यांना लस टोचलेली होती. साहेबांच्या हातापाया पडून मी आणखी एका माणसापुरती मिळवली आणि थर्मासात बर्फ घालून गावाकडं निघालो. निजामी हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, शिपायानं थर्मास उघडायला लावला. "ये क्या है?" "आँखों की दवा," लस म्हटलं तर अडवतील म्हणून मी बेधडक ठोकून दिलं.

घरी आल्या आल्या अव्वाला सगळं समजावलं. तिनं भाकरीचं पीठ लागलेले हात धुतले, पदर सारला आणि दंड पुढं केला. मी सुई उकळत ठेवली होती. तेवढ्यात तिनं सहज विचारलं, "कशापासनं केलंय रं हे?"

"अंड्यापासून."

"त्यात जीव असतो का?"

इथं तरी मी तोंड आवरायचं. पण नाक्यावर हरवलेला माझा खरेपणा नेमका आमच्या स्वयंपाकघरात जागा झाला. "असतो, अव्वा. जिवंत असलेलंच लागतं."

तिनं दंड मागं घेतला, पदर नीट केला. रागावली मुळीच नाही. "मग मला न्हाय जमायचं, बाळा. शेजारच्या चाचीला दे. त्यांना चालतं. त्यांची बी छाती लई भरती."

मी चिडलो, भांडलो, जेवायचा थांबलो. ती बधली नाही. शेवटी शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरी जाऊन चाचींना ती लस टोचली.

माझी रजा संपत आली तोवर साथ गावात पोचली. दोघींनाही ताप भरला. चाची उठून बसल्या. अव्वाला आडवं होता येईना. ती बसूनच श्वास ओढायची आणि मी पाठीशी बसून तिला धरायचो. मला साधी शिंकही आली नाही. आईची सेवा करावी तर अशी, असं लोक म्हणायचे, तेव्हा कुठं तोंड लपवू असं व्हायचं. आमच्यात माणसाला बसवूनच पुरतात. अव्वा शेवटपर्यंत बसलेलीच होती. चाची उंबऱ्यात येऊन रडल्या, "तेरी अम्मा की दवा मैंने ली, बेटा."

एका माणसावरून शास्त्रात काही ठरत नाही, हे मी पुढं कितीकांना शिकवलं. लस घेऊनही अव्वा गेली असती, कुणी सांगावं! पण मी खरं बोललो ते तिचा मान राखायला नव्हे. तिनं ते ऐकूनही दंड पुढं ठेवला असता, तर माझ्या कामाला तिचा होकार मिळाला असता. मला तो हवा होता. तिच्या जिवापेक्षा मला माझं मन हलकं करायचं होतं.

परतल्यावर पहिल्याच सकाळी अंडं दिव्यासमोर धरलं. आत पिलू हलत होतं. "असतो, अव्वा," मी पुटपुटलो आणि कवचाला भोक पाडलं. निवृत्त होईपर्यंत हेच करत राहिलो.