भोंगाकाकांची तेरा अक्षरं

भोंगाकाका हजेरीला "प्रेझेंट" म्हणाले की खालच्या मजल्यावरच्या इंग्लिश स्पीकिंगच्या वर्गातली पोरं दचकायची. भंवरकुआं चौकातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात बाकी सगळे विशीच्या आतबाहेरचे, आणि पहिल्या बाकावर इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले हे चोपन्न वर्षांचे गृहस्थ. भोंगा हे नाव पोरांनी ठेवलं. काकांच्या मिलचा खरा भोंगा तोवर कायमचा गप्प झाला होता. मिलमध्ये ते इलेक्ट्रिशियन होते. सत्तावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून कान गेले होते, त्यामुळे आपला आवाज केवढा लागतोय हे त्यांना कळत नसे. मी त्यांची शिक्षिका, वयाने त्यांच्या मुलीएवढी. मला ते मॅडम म्हणायचे, अहोजाहो करायचे, आणि माझी चूक सापडली की साऱ्या इमारतीला कळवायचे.

आवाज मोठा, पण बोलणं मोजकं. मी पाल्हाळ लावलं की हात वर करायचे. "मॅडम, तेरा अक्षरांत सांगा."

या तेरा अक्षरांमागे भावनगरचे दवेभाई होते. काका हौशी रेडिओवाले, म्हणजे परवाना काढून, घरीच सेट बांधून दूरदूरच्या माणसांशी हवेतून बोलणाऱ्यांतले. दवेभाई तारखात्यातून रिटायर झालेले. तीस वर्षं दोघं दर रविवारी सकाळी आठला तारेच्या कट्ट-कडकट्टमध्ये बोलत होते आणि एकमेकांचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग काकांचे कान गेले. दवेभाई मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तिथे गच्चीवर एरियल लावू देईनात, म्हणून बाल्कनीतल्या हातभर वायरवर आले. एकाला ऐकू येईना, दुसऱ्याचं पोहोचेना.

माणसाच्या कानापेक्षा कॉम्प्युटरला पुष्कळ बारीक ऐकू येतं, असं काकांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. संदेशातल्या अक्षरांचे आकडे करायचे, आकड्यांचे सूर करायचे, प्रत्येक सूर पुन्हापुन्हा पाठवायचा. निम्मे वाटेत हरवले तरी उरलेल्यांवरून पलीकडचा कॉम्प्युटर अक्षरं जुळवतो. एका मिनिटात आमच्या हिशोबाने तेराच मावायची, मधल्या मोकळ्या जागा धरून. असा प्रोग्रॅम लिहिता यावा म्हणून काका माझ्याकडे शिकायला आले होते. मला रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं. आठ महिने आम्ही एकमेकांवर चिडत तो लिहिला.

दवेभाईंसाठी प्रोग्रॅमची फ्लॉपी काकांनी मिलच्या मांजरपाटात शिवून पोस्टाने पाठवली. पहिल्या रविवारी मी काकांच्या क्वार्टरवर गेले. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकाच सेकंदाला सुरू व्हावे लागत, म्हणून काकांनी रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावून घेतलं. स्पीकरमधून मला नुसती खरखर ऐकू येत होती, त्यांना तीही नाही. मिनिट संपलं आणि पडद्यावर रोमन अक्षरं उमटली, 'ठीक हूं दवे'. काकांनी ती बोट ठेवून मोजली. मग वहीत तारीख घातली, 'पाठवलं' आणि 'आलं' असे दोन रकाने पाडले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, दवेभाई बोलले!" काकू पदराला हात पुसत आल्या तेव्हा हे रडत होते.

वहीचा त्यांचा नियम कडक होता. "अंदाज लिहायचा नाही. आलं तर आलं लिहायचं. नाही आलं तर 'नाही आलं' लिहायचं."

मिलच्या गेटवरही तोच नियम. बंद गेटासमोर जुनी मंडळी रोज जमायची आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी मिल विकत घेऊन पुन्हा चालू होणार अशी बातमी आणायचं. एकदा मी बरोबर होते. एक जण आला, "भिया, पक्की खबर हे. नई पार्टी आ री हे, दिवाली तक चालू."

"तूने सुनी, के किसीने तेरे को बोली?" काकांनी विचारलं, अर्थातच चौकापर्यंत जाईल अशा आवाजात.

"सबी बोल रिये हें."

"मतलब किसीने नी सुनी."

तो माणूस काकांकडे पाठ करून उभा राहिला. त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या झांकीची, म्हणजे मिरवणुकीतल्या मिलच्या देखाव्याची, रोषणाई गेटवरच्या मंडळींनी काकांकडून काढून घेतली. सत्तावीस वर्षं त्यांनीच ती केली होती. त्या दिवशी ते क्लासला आले आणि "प्रेझेंट" म्हणायचं विसरले.

थंडीत दवेभाई आजारी पडल्याचं पत्र आलं, आणि मग लागोपाठ तीन रविवार वहीत 'नाही आलं' पडलं. काकू मला म्हणाल्या, "जेवत नाहीत हो नीट. तुमच्या त्या मशीनचं काहीतरी करा ना."

मी केलं. दवेभाईंचं वाक्य जवळजवळ नेहमी तेच असे. तेव्हा आलेली खरखर त्या वाक्याशी ताडून पाहायची आणि जराशी जरी जुळली तरी ते वाक्य छापायचं, असं मी प्रोग्रॅमला शिकवलं. काकांना म्हणाले, थोडी सुधारणा केली आहे. मला वाटलं, बिचारे दवेभाई बाल्कनीतून पाठवत असतीलच. पुढच्या रविवारी 'ठीक हूं दवे' आलं. काकांनी पोहे-जलेबी आणवली. त्यानंतर पाच रविवार तेच आलं आणि काका पोटभर जेवले.

सातव्या आठवड्यात ते क्लास सुरू व्हायच्या आधी आले. टेबलावर वही उघडून ठेवली आणि शेजारी दवेभाईंच्या मुलाचं पोस्टकार्ड. बापूजी गेल्याची तारीख त्या सहा रविवारांच्या आधीची होती.

"मॅडम," काका इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं, "हे सहा रविवार कोण बोललं?"

मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याकडून पट्टी मागून घेतली, सहा ओळींवर सहा रेघा मारल्या आणि प्रत्येकीसमोर सावकाश 'नाही आलं' लिहिलं.

"गेटवरच्यांना नवी पार्टी ऐकू येते, ती अशीच," ते म्हणाले. "तुम्ही वाईट मनाने नाही केलं. पण तेवढं काढून टाका."

मी काढून टाकलं. काका क्लासला यायचे थांबले. काही महिन्यांनी एकदाच आले ते मिठाईच्या डब्यात बांधलेला लहानसा रिसीव्हर घेऊन. प्रोग्रॅमची प्रत माझ्याकडे होतीच. "रविवारी आठला कॉम्प्युटरला जोडून बघा. माझं पाठवलेलं भंवरकुआंपर्यंत सहज येईल," ते म्हणाले. "पलीकडे कुणी लागतं, मॅडम."

मी हो म्हटलं. पहिल्या रविवारी लाज वाटली, दुसऱ्या रविवारी नवी बॅच होती, तिसऱ्या रविवारी मला नुसता आळस आला. डबा कपाटात गेला. मिलचे माग ट्रकांवर चढून भंगारात निघाले त्या दिवशी गेटवर काका सगळ्यांसमोर "अब नी खुलेगी" म्हणाले, आणि पुष्कळांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं, हे मी ऐकलं. भेटायला जायचं ठरवलं आणि गेले नाही.

गेले ती ते वारल्यावर महिन्याने. काकूंनी ती वही माझ्या मांडीवर ठेवली. 'आलं'च्या रकान्यात पानामागून पान 'नाही आलं'. आणि शेजारी 'पाठवलं'च्या रकान्यात दर रविवारी 'ठीक हूं', 'ठीक हूं'. ते थेट शेवटच्या चार रविवारांपर्यंत. तिथे अक्षर वाकडं झालं होतं आणि चारही वेळा एकच वाक्य होतं, 'ठीक नहीं हूं'. मी रोमन अक्षरं सवयीने मोजली. तेरा भरली.

"मला कधी बोलले नाहीत हो दुखतंय म्हणून," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे ते यंत्र होतं ना. तुम्हाला आलं होतं का?"

"नाही आलं," मी म्हणाले.

पण नाही आलं म्हणायलासुद्धा आधी ऐकत बसावं लागतं, आणि मी तो डबा एकदाही लावला नव्हता.