घागरीचं काम शून्य

योगीराज सरांनी पिंगळीत सव्वीस वर्षं बल आणि गती शिकवली. त्यांची स्वतःची गती मात्र घर ते शाळा एवढीच राहिली. हातातला चहा कलंडला तरी ते आधी गुरुत्वमध्य कुठं चुकला ते बघत, मग भाजलेला पाय.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एक घोडचूक झाली. दैवशालाबाई हापशावरून डोक्यावर दोन घागरी घेऊन आल्या, चुंबळ काढून मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "मरणाचं काम झालं."

सर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "शास्त्राप्रमाणं शून्य. बल वरच्या दिशेला, विस्थापन आडवं. मधी काटकोन. पिंगळीत चढ न्हाई, म्हणून काम न्हाई."

दैवशालाबाई सातवीपर्यंतच शिकलेल्या, पण हा एक धडा त्यांनी जन्मभर पाठ ठेवला. सरांनी तिसरी भाकर मागितली की म्हणायच्या, "शून्य काम करणारीला कुठली जमायलीय भाकर?" पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सरांच्या लेखी मी लग्नापासून बसूनच हाय."

यंदा माघात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. परभणीचे डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत पाय उचलला तर उचलला, पुढं फार आशा धरू नका.

सरांनी कॅलेंडरवर खूण केली. शहाबादी फरशीवर घर्षण कमी पडतं म्हणून गोणपाट अंथरलं. रोज सकाळी बाईंच्या काखेत हात घालून त्यांना उभं करायचे आणि शिकवायचे, "पायानं जमीन मागं लोट. मग जमीन तुला पुढं लोटंल. तिला लोटावंच लागतं, नियम हाय."

"आन् जमिनीलाबी लकवा झाला असला तर?"

शेजारच्या धुरपताबाई दारातून म्हणायच्या, "सर, बाईला उभं केलं व्हय? गृहपाठ न्हाई केला वाटतं." पहिला महिना तिघंही हसायचे. दुसऱ्या महिन्यात धुरपताबाई ते दार टाळून जायला लागल्या.

वैशाखात खुणेचा दिवस उजाडला. सरांनी गोणपाट झटकलं, बाईंना उभं केलं. सगळा भार त्यांच्या छातीवर. दंडाच्या शिरा तटतटल्या, सदरा पाठीला चिकटला. स्टेशनात नांदेडकडची पॅसेंजर आली, थांबली, निघूनही गेली. पाय होता तिथंच होता.

"लोट."

"लोटायलेय की."

सर तिसऱ्यांदा "लोट" म्हणाले तेव्हा तो आवाज वर्गातला नव्हता.

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "लय दमलात तुमी, सर. किती काम झालं?"

सरांनी खाली पाहिलं. उत्तर त्यांना येत होतं. दरवर्षी परीक्षेला तेच विचारत आले होते.

"सांगा की."

"शून्य."

"आता कळलं का घागरीचं?" बाई हळूच म्हणाल्या. "बसवा मला."

सरांनी बसवलं नाही. खाली बसवलं की तीन महिने संपत होते. ते तसेच, त्यांना धरून, गोणपाटावर उभे राहिले.